मोठा कुत्रा आणि लाकडी जमीन : नखांच्या ओरखड्यांपासून फळ्या कशा राखाव्यात

सोलापुरातल्या आमच्या होटगी रस्त्यावरच्या घराच्या बैठकीत सागवानी फळ्यांची जमीन आहे. या फळ्या मूळच्या आजोबांच्या वाड्यातल्या माडीच्या. वाडा उतरवला तेव्हा हे लाकूड जळणाच्या भावाने जाऊ नये म्हणून वडिलांनी ते बाजूला काढून ठेवले, आणि नवे घर बांधताना मेस्त्रींनी प्रत्येक फळीला रंधा मारून ती इथे बसवली. चार वर्षांनी घरात सोन्या आला. सोन्या लॅब्राडोर आहे, आज त्याचे वजन ३६ किलो आहे, आणि दारावरची घंटा वाजली की तो बैठक तीन उड्यांत पार करतो. तो वर्षाचा झाला तोवर दारापासून सोफ्यापर्यंत पांढरट रेघांची एक वाटच उमटली होती. कुत्रा ठेवायचा की जमीन, असा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. दोन्ही आम्हांला हवे होते. पुढच्या काही वर्षांत आम्ही जे करून पाहिले, ज्याचा उपयोग झाला आणि ज्याचा झाला नाही, ते सर्व क्रमाने पुढे लिहितो आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावर उभे आहेत. ओरखड्यांचा सगळा दोष नखांच्या लांबीवर टाकला जातो, पण नख हे तीन कारणांपैकी एक आहे. दुसरे कारण म्हणजे घसरणारा पाय, आणि तिसरे म्हणजे पंजाला चिकटून आत येणारी कच. खनिजांची कठीणता मोजण्याच्या १ ते १० या मोजपट्टीवर माणसाचे नख साधारण २.५ वर येते, आणि कुत्र्याचे नखही केराटिन या त्याच प्रथिनाचे बनलेले असते. याउलट वाळूतला क्वार्ट्झचा कण ७ वर असतो. शांतपणे चालणाऱ्या कुत्र्याच्या बोथट नखाने चांगल्या पॉलिशवर फारतर पुसट रेघ उठते. पण तोच कुत्रा वळताना घसरला, सावरण्यासाठी त्याने पंजे ताणून नखे रोवली आणि पंजाखाली वाळूचा कण असला, तर रेघ पॉलिशच्या थरातून थेट लाकडात उतरते. म्हणून नुसती नखे कापून थांबणाऱ्या माणसाची निराशा होते आणि तो महागड्या उपायांच्या मागे लागतो.

आधी ओरखडे नीट वाचावेत

संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करावेत, टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा आणि खोली कोपऱ्या-कोपऱ्याने पाहून घ्यावी. दिवसाच्या उजेडात न दिसणारा प्रत्येक चरा या आडव्या प्रकाशात उठून दिसतो. जिथे रेघा दाट असतील तिथे खडूने खूण करावी आणि कागदावर खोलीचा साधा नकाशा काढून त्या जागा नोंदवाव्यात. आमच्या नकाशावर चारच जागा दाट निघाल्या : दारासमोरचा तुकडा, सोफ्यावरून उडी मारून उतरण्याची जागा, स्वयंपाकघराकडे वळण्याचा कोपरा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा भाग. उरलेली पाऊण जमीन जवळपास कोरी होती. खर्च कुठे करायचा हे त्या कागदाने ठरवले.

मग प्रत्येक ओरखडा किती खोल आहे ते तपासावे. आपले नख ओरखड्यावरून आडवे फिरवावे. ते कुठेही अडकले नाही, तर इजा पॉलिशच्या वरच्या थरापुरती आहे. अडकले, तर त्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवून काही मिनिटे थांबावे. थेंब मण्यासारखा तसाच राहिला, तर पॉलिश अजून लाकडाचे रक्षण करते आहे. थेंबाखालचे लाकूड काळसर पडू लागले, तर पॉलिश फाटले आहे आणि आता तिथून पाणी, मूत्र आणि मळ सरळ लाकडात शिरणार आहे. थेंब लगेच पुसून टाकावा, आणि अशा जागांची दुरुस्ती पावसाळ्यावर ढकलू नये.

आपल्या जमिनीचे लाकूड कोणते आहे हेही माहीत असावे. लाकडाची कठीणता मोजण्यासाठी जांका चाचणी वापरतात, तिच्यात ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्म्यापर्यंत रुतवायला किती बल लागते ते पाहतात. सागवान या चाचणीत १,००० ते १,१०० पौंड बलाच्या आसपास येतो, तांबडा ओक १,२९० च्या, पांढरा ओक १,३६० च्या आणि कठीण मेपल १,४५० च्या आसपास. म्हणजे टिकाऊपणासाठी नावाजलेला आपला सागवान वाळवीला आणि पाण्याला दाद देत नसला, तरी कठीणतेत ओकच्या मागेच आहे. पाइन तर याहून बराच मऊ असतो. मात्र कठीण लाकूड खड्डा पडण्याला विरोध करते. वरच्या पॉलिशवरच्या रेघांशी त्या आकड्याचा संबंध फार थोडा आहे. वीस-तीस टक्के कठीण लाकडासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

नखे : किती, केव्हा आणि कशी

बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात : प्रत्येक पायाला चार, आणि पुढच्या दोन पायांना आतल्या बाजूने, थोडे वर, अंगठ्याचे एकेक. काही कुत्र्यांच्या मागच्या पायांनाही अंगठे असतात. अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ते कधीच झिजत नाही. वाढत वाढत ते गोल वळून मांसात शिरलेले मी पाहिले आहे. कुत्रा सपाट जमिनीवर सरळ उभा असताना नखे जमिनीला टेकू नयेत, आणि चालताना टकटक असा आवाज येऊ नये, ही साधी कसोटी आहे. आवाज येऊ लागला म्हणजे नखांची वेळ झाली. सोन्याच्या बाबतीत ही वेळ दर दोन-तीन आठवड्यांनी येते.

नखाच्या आत जिव्हाळी असते, म्हणजे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग. ती कापली गेली तर रक्त येते आणि कुत्र्याला चांगलेच दुखते, आणि एकदा दुखले की पुढच्या वेळी तो पंजा हातात देत नाही. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते आणि तिच्या अलीकडे दोन मिलिमीटर थांबता येते. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही. तिथे कागदासारखे पातळ काप काढत जावे आणि प्रत्येक कापानंतर नखाचा छेद पाहावा. सुरुवातीला छेद कोरडा आणि भुरभुरीत दिसतो. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की तिथेच थांबावे. बराच काळ नखे न कापलेल्या कुत्र्याची जिव्हाळीही नखाबरोबर पुढे आलेली असते. अशा वेळी एकाच बैठकीत नखे आखूड करण्याचा आग्रह धरू नये. दर आठवड्याला अगदी थोडे थोडे टोक काढत राहिले, की काही आठवड्यांत जिव्हाळी मागे सरकते.

कापण्याची पद्धत अशी. कुत्रा फिरून, दमून आलेला असावा. त्याला घसरणार नाही अशा सतरंजीवर आडवे करावे किंवा बसवावे. पंजा घट्ट आवळून न धरता एकेक बोट आपल्या अंगठ्याने आणि तर्जनीने हलकेच दाबावे, म्हणजे नख पुढे येते. मोठ्या कुत्र्यासाठी कात्रीच्या घडणीचा मजबूत नखकापू घ्यावा, कारण छोट्या कुत्र्यांचा कापू जाड नख कापण्याऐवजी चिरडतो, आणि त्या दाबाचीच कुत्र्याला भीती बसते. पाते सुमारे ४५ अंशांच्या कोनात धरावे. प्रत्येक पंजानंतर खाऊ द्यावा. आमच्याकडे ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा चालतो. त्याला शेंगाचटणी मात्र लावू नये, कारण तिच्यातला लसूण कुत्र्यांना अपायकारक असतो. सगळी अठरा नखे एका दमात व्हायलाच हवीत असे नाही. पहिले दोन महिने आम्ही रोज एकच पंजा करत होतो.

कापल्यावर एक टप्पा अनेक जण गाळतात, आणि जमिनीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ताज्या कापलेल्या नखाची कड धारदार असते. नखे कापलेल्या दिवशीच फळ्यांवर नवे ओरखडे का उठतात, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. आता प्रत्येक नख कानशीने किंवा नखे घासण्याच्या छोट्या विजेच्या यंत्राने गोल करतो. यंत्र एका नखावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण घर्षणाने नख तापते. आणि बोटांवरचे लांब केस बाजूला धरावेत, नाहीतर ते यंत्रात गुंडाळले जातात. यंत्राच्या आवाजाची सवय आधी वेगळी करावी : चार-पाच दिवस ते नुसते जवळ चालू ठेवून खाऊ द्यावा, मग बंद यंत्र नखाला लावावे, आणि त्यानंतरच चालू यंत्र लावावे.

चुकून जिव्हाळी कापली गेलीच, तर घाबरू नये. कॉर्नफ्लॉरची चिमूट किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी रक्त थांबवणारी पूड नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटे धरावी. तुरटीच्या पुडीनेही रक्त थांबते, पण ती झोंबते. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर पशुवैद्यांना दाखवावे.

डांबरी रस्त्यावर चालण्याने नखे आपोआप झिजतात हे खरे, पण सोलापुरात त्यावर विसंबून राहता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो रस्ता पंजांसाठी नाही. उन्हाळ्यात आम्ही सूर्य वर येण्याआधी कंबर तलावाकडे जातो आणि सातच्या आत परततो. अंगठ्याचे नख तर कुठल्याच रस्त्याने झिजत नाही.

घसरणे थांबवावे

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक इथेच पडला. कुत्र्याचा पंजा म्हणजे मऊ गाद्या आणि त्यांच्यापुढे नखे. गादीची पकड पुरेशी असेल तेव्हा कुत्रा नखे वापरत नाही. गुळगुळीत जमिनीवर गादी सरकते, आणि पडण्याच्या भीतीने तो बोटे वाकवून नखे रोवतो. नखांना लाकडावर पकड मिळत नाही, म्हणून तो आणखी जोराने रोवतो. शिवाय पुन्हा पुन्हा पाय फाकण्याचा ताण कंबरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर येतो. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींत कंबरेच्या सांध्याचा विकार मुळातच जास्त आढळतो. म्हणून घसरण थांबवणे ही जमिनीपेक्षाही कुत्र्याची गरज आहे.

पहिले काम पंजाखालचे. गाद्यांच्या मधून वाढलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीला कापावेत. लांब केसांच्या कुत्र्यांत हे केस तळाला मोज्यासारखे आवरण करतात आणि गादी जमिनीला लागूच देत नाहीत. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी दिसणाऱ्या कारवान जातीच्या कुत्र्याचे केस आखूड असतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. पण त्याचा वेग पाहता पुढचा उपाय त्यालाच अधिक लागू आहे.

तो उपाय म्हणजे वाटा अंथरणे. संपूर्ण बैठक गालिच्याने झाकली तर लाकडी जमीन केली कशाला, असा प्रश्न आमच्या आईने विचारला आणि तो योग्यच होता. नकाशावरच्या चार जागा तेवढ्या अंथराव्यात : धावण्याची सरळ रेषा, वळण्याचा कोपरा, उडी मारून उतरण्याची जागा आणि भांड्याची जागा. अंथरूण कोणते हा प्रश्न सोलापूरकराला पडू नये. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर जाड सुताची, घट्ट विणीची आणि वजनदार असते. जुन्या चादरीची लांबीच्या बाजूने दुहेरी घडी घालून कडा शिवल्या, की धावण्याच्या रेषेवर टाकायला उत्तम पट्टा तयार होतो आणि तो घरच्या यंत्रात धुता येतो. सोलापुरी टेरी टॉवेल मात्र यासाठी वापरू नये. त्याच्या पृष्ठभागावर सुताचे उभे फासे असतात. धावताना नख फाशात अडकते आणि मुळापासून उपटले जाऊ शकते. टॉवेलचे काम वेगळे आहे, ते पुढे सांगतो.

नुसती चादर लाकडावर अंथरणे हे मात्र न अंथरण्यापेक्षा वाईट आहे, कारण कुत्रा चादरीसकट घसरतो. खाली पकड देणारे अस्तर हवे. इथे आमची एक चूक झाली. दुकानदाराने दिलेली स्वस्त, जाळीदार प्लॅस्टिकची चटई आम्ही वर्षभर खाली ठेवली, आणि उचलली तेव्हा पॉलिशवर पिवळट जाळी छापली गेली होती. पीव्हीसीच्या अस्तरातले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू पाझरते आणि पॉलिशशी त्याची रासायनिक क्रिया होते. तो डाग पुसून जात नाही. नैसर्गिक रबराचे किंवा नमद्यावर नैसर्गिक रबर बसवलेले अस्तर घ्यावे, ते अंथरुणापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर लहान कापावे, आणि दर आठवड्याला उचलून खालची कच झटकावी. उन्ह येणाऱ्या खोलीत पट्टे अधूनमधून थोडे सरकवावेत, कारण उघडे लाकूड उन्हाने रंग बदलते आणि झाकलेले तसेच राहते.

जिना लाकडी असेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला कापडी पकडपट्टी लावल्याशिवाय मोठ्या कुत्र्याला चढू-उतरू देऊ नये. उतरताना त्याचा बहुतेक भार पुढच्या नखांवर येतो.

मोजे, बूट आणि नखांवर चिकटवण्याच्या टोप्या यांविषयी थोडक्यात. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे म्हाताऱ्या, पाय थरथरणाऱ्या कुत्र्याला खरोखर उपयोगी पडतात. पाहुणे असताना तासाभरासाठीही ते ठीक आहेत. परंतु कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांतूनच येतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात मोजे दिवसभर ठेवले तर बोटांमधली त्वचा ओली राहून सुजते. मऊ प्लॅस्टिकच्या टोप्या चार ते सहा आठवडे टिकतात, पण गादीपेक्षा पुढे आलेल्या टोपीमुळे काही कुत्री अधिक घसरतात, आणि सोन्याने त्या चार दिवसांत चावून काढल्या. पंजांना लावायचे मेण पकड वाढवते. खोबरेल तेल किंवा तूप लावले, तर मात्र घसरण वाढते आणि फळ्यांवर तेलकट ठसे उमटतात.

कच उंबऱ्याबाहेर ठेवावी

सोलापूरची हवा कोरडी आणि धुळीची आहे. रस्त्याच्या कडेला मुरूम असतो, आणि शेजारी बांधकाम चालू असले तर वाळू. पावसाळ्यात काळी माती पंजांना लपेटते आणि वाळली की तिच्यातले खडे घरात सुटे होतात. बाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे आणि आत जाड सुती पायपुसणे, अशी दोन हवीतच. आणि ती एवढी लांब असावीत की कुत्र्याचे चारही पाय प्रत्येकावर किमान दोनदा पडतील. आमचे आतले पायपुसणे दीड मीटरचे आहे.

टेरी टॉवेलचे काम इथे आहे. फिरून आल्यावर दारातच सोन्याला थांबवतो, ओलसर टॉवेलने चारही पंजे पुसतो, बोटांच्या मधून टॉवेलचे टोक फिरवतो आणि मग कोरड्या टॉवेलने टिपतो. चाळीस सेकंद लागतात. पहिल्या महिन्यात तो ओढाओढ करत असे. आता तो स्वतः पंजा पुढे करतो. बोटांमधला एखादा खडा किंवा गोखरूचा काटा वेळीच सापडतो, हा आणखी एक लाभ.

धाव कुठून सुरू होते ते पाहावे

सकाळी दूधवाला, मग पेपरवाला, दुपारी कुरिअर. प्रत्येक घंटेला दाराकडे झेप घेण्याची सवय जोवर आहे, तोवर जमिनीवर रोज पाच-सहा वेळा पूर्ण वेगाची धाव पडते. सोन्याला आम्ही ‘जागेवर’ हा शब्द शिकवला. दारापासून तीन मीटरवर त्याची सतरंजी ठेवली. तिच्यावर बसला की खाऊ. मग बसलेला असताना घरातल्याच कुणीतरी घंटा वाजवायची आणि तो न उठल्यास पुन्हा खाऊ. रोज दहा मिनिटे याप्रमाणे सहा आठवडे लागले. चुकल्यावर ओरडल्याने काही साधले नाही, उलट त्या आवाजाने तो अधिकच उधळत असे. चेंडू फेकण्याचा आणि ओढाओढीचा खेळ घरात पूर्ण बंद करावा. तो अंगणात किंवा गच्चीवर खेळावा.

दिवाळीचे फटाके आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले शोभेचे दारूकाम, हे दिवस वेगळे. भेदरलेला कुत्रा लपण्यासाठी कोपरे खणतो आणि दार ओरबाडतो. एका रात्रीत वर्षभराचे ओरखडे पडतात. त्या रात्री सोन्याला आम्ही मागच्या खोलीत ठेवतो. तिथे शहाबादी फरशी आहे. खिडक्या लावून घेतो, पंखा आणि रेडिओ चालू ठेवतो, त्याची नेहमीची चादर खाली घालतो, आणि घरातला एक जण त्याच्याजवळ बसतो. त्याला एकट्याला कोंडून ठेवू नये. ज्या कुत्र्याला फटाक्यांचा फारच त्रास होतो, त्याच्यासाठी पशुवैद्यांना आठवडाभर आधी भेटावे.

झाडणे, पुसणे आणि कोरडी हवा

रोज एकदा मऊ कुंच्याने किंवा व्हॅक्यूमने, फिरता ब्रश बंद ठेवून, कच काढावी. पुसताना मायक्रोफायबरचा कपडा पिळून, हाताला जेमतेम ओला लागेल इतकाच ओला असावा. बादलीभर पाणी ओतून फरशी धुण्याची आपली पद्धत लाकडाला मारक आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा समजावून, स्वतः करून दाखवावे आणि कपडा वेगळा ठेवावा. फिनाइलचे पाणी पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला नको आणि फळ्यांनाही नको. व्हिनेगर, सोडा आणि वाफेचा मॉपही टाळावा.

कुत्र्याचे मूत्र पडले तर ते चोळू नये, टिपून घ्यावे. मुरू दिल्यास अमोनियाची लाकडातल्या टॅनिनशी क्रिया होऊन काळा डाग पडतो, ओकमध्ये विशेष. तो वरवर घासून जात नाही.

लाकडी जमिनीला ३५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी ती याहून बरीच खाली जाते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात; मग जून-जुलैत त्या पुन्हा फुगतात. उघड्या सांध्याच्या कडेला नख अडकले की कपची निघते. उन्हाळ्यात खोलीत कूलर असणे म्हणूनच बरे, पण त्याचा झोत आणि गळती थेट फळ्यांवर येऊ देऊ नये. पाण्याचे भांडे कड उचललेल्या स्टीलच्या ताटात ठेवावे आणि ताटाखाली रबराचा तुकडा.

उमटलेल्या ओरखड्यांचे काय करावे

पॉलिशच्या वरच्या थरातले पुसट ओरखडे स्वच्छ, कोरड्या जमिनीवर त्याच कंपनीच्या देखभालीच्या पॉलिशचा पातळ हात दिल्यावर बरेचसे दिसेनासे होतात. फर्निचरसाठीचे मेण किंवा सिलिकॉनचा फवारा वापरू नये : जमीन निसरडी होते, आणि पुढे नवे पॉलिश त्यावर धरत नाही. एखाददुसऱ्या बारीक रेघेवर अक्रोडाचा गर घासला तर त्यातले तेल रेघ झाकते; हा उपाय तात्पुरता आहे, पण खरा आहे. लाकडापर्यंत गेलेल्या चऱ्यात रंगाशी जुळणारी मेणकांडी भरावी, प्लॅस्टिकच्या पट्टीने जास्तीचे मेण खरडावे आणि कपड्याने घासावे. रंगाची चाचणी आधी सोफ्याखाली करावी.

ओरखडे दाट असले तरी लाकूड उघडे पडले नसेल, तर पूर्ण घासकामाची गरज नसते. वरचा थर १२० ते १५० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसता खरवडून, धूळ पूर्ण काढून, नवा थर द्यावा. खोली एक-दोन दिवसांत तयार होते. लाकूड उघडे पडले असेल, तरच मशीनने फळ्या घासाव्यात. १८-२० मिलिमीटर जाडीची भरीव फळी आयुष्यात चार-पाच वेळा हे सहन करते. वर ३-४ मिलिमीटर लाकूड असलेली इंजिनिअर्ड फळी एक-दोनदा. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा असलेली एकदाही नाही. लॅमिनेट मुळीच घासता येत नाही, त्याची पट्टीच बदलावी लागते.

पॉलिश निवडताना माझा आग्रह एकच आहे : चकाकी टाळावी. आमची जमीन पहिल्यांदा एका कारागिराने दरवाजांना लावतात तेच मेलामाइन मारून आरशासारखी केली होती. ते कडक पण ठिसूळ असते; नख घसरले की पांढरी रेघ उठते. मॅट किंवा सॅटिन पॉलिशवर तीच रेघ दिसतच नाही. जमिनीसाठीच बनवलेले, दोन भाग मिसळून लावायचे पाण्यातले पॉलियुरेथेन, तीन हातांत, हा टिकाऊ पर्याय आहे. तेल-मेणाचे पॉलिश लवकर झिजते, पण बिघडलेला हातभर तुकडा तेवढाच दुरुस्त करता येतो, आणि मोठा कुत्रा असलेल्या घरात ही सोय फार मोठी आहे. बैठकीसाठी आम्ही पॉलियुरेथेन घेतले आणि माडीवरच्या खोलीत तेल-मेण. रंग मध्यम आणि रेषा स्पष्ट असाव्यात. फार गडद जमिनीवर प्रत्येक रेघ आणि सोन्यासारख्या कुत्र्याचा प्रत्येक पिवळा केस दिसतो.

काम चालू असताना कुत्र्याला नातेवाइकांकडे ठेवावे, कारण वास त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. पाण्यातल्या पॉलियुरेथेनवर माणसाने २४ तासांनी मोजे घालून चालावे. कुत्र्याला मात्र पूर्ण आठवडाभर येऊ देऊ नये, आणि तेलातले पॉलियुरेथेन असेल तर याहूनही थांबावे, कारण ते पूर्ण कडक व्हायला सुमारे महिना लागतो. तोवर त्यावर पट्टे आणि अस्तरही अंथरू नयेत, अडकलेली वाफ खाली डाग पाडते. आम्ही सोन्याला आठ दिवस मामांकडे अक्कलकोटला पाठवले होते. तो परतला त्या दिवशी आधी त्याची नखे घासली, पंजे पुसले, आणि पट्टे अंथरेपर्यंतचे पुढचे तीन आठवडे त्याला बैठकीत फक्त गळ्याचा पट्टा हातात धरून, चालत नेले.